दोन्हीकडे सिंह

सोलकढी तिसऱ्यांदा ढवळून झाली, वडे एकदा थंड होऊन पुन्हा कढईजवळ गेले, तरी देवबागहून येणाऱ्या माणसाचा पत्ता नव्हता. सुशांत पडवीत पेपर वाचत बसला होता. म्हणजे गेला अर्धा तास एकाच पानाकडे बघत होता.

"पान तरी परता," सुचिता खिडकीतून म्हणाली. "रस्त्यावरच्यांका वाटात, मास्तर वाचतत."

सुशांतने बायकोचं ऐकून पान परतलं आणि त्या पानाकडे बघत बसला. अकरा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ या घराची पायरी चढणार होता. तो ती का उतरला हे मालवणच्या मेढ्यात कुणाला नीट ठाऊक नसलं तरी सुशांतला ठाऊक होतं. त्याच्या उजव्या हाताला जास्तच ठाऊक होतं, कारण देवेशच्या कानाखाली वाजली होती ती त्याच हाताने.

गेल्या महिन्यात बाबांच्या छातीत कळ आली, गोव्याला नेऊन दोन स्टेंट घालावे लागले, तेव्हा देवेश न बोलावता इस्पितळात येऊन उभा राहिला. तीन दिवस दोघे भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. मध्ये थर्मास. संभाषण एवढंच: "चाय?" आणि "नको." निघताना बाबांना मात्र तो म्हणाला, "बरे होवन घराक जावा. मी येतंय एका रविवारी बघूक." त्यांच्या आईने, माईने, ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

"तो इलो की त्याच दिवशी नवस फेडूचो," तिने फर्मान काढलं. कसला नवस, कधीचा नवस, हे कोणी विचारलं नाही. माईचे नवस म्हणजे मालवणच्या बाजारातली रोजची मासळी, कोण हिशेब ठेवतो?

फाटकाशी स्कूटर थांबली. देवेश उतरला. उन्हाने रापलेला, कानशिलांवर केस पिकलेले, हातात शहाळ्यांची पिशवी. बाविसाचा गेला होता, तेहतिसाचा होऊन आला. सुशांतची मुलगी अवनी धावत गेली आणि "काका!" म्हणून त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली. काका घर सोडून गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता सतरा. ती आणि तिची आई वर्षातून दोनदा देवबागला त्याच्या बोटीतून फिरून येतात, हे सुशांतला ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंग तो इतकी वर्षं इमाने-इतबारे वठवत आला होता.

"बायल खंय? नी चेडू?" माईने पायरीवरच सुनेची आणि नातीची चौकशी केली.

"पाहुणे आसत गो. रूम टाकून कशी येतली ती?"

भाड्याच्या खोल्यांतले पाहुणे हे निमित्त, हे सगळ्यांना कळलं. सुचिताने तांब्याभांडं पुढे केलं, वाटीत गूळ. देवेशने हात जोडले.

"नको वयनी. वाटेत शहाळा पिलंय."

कोणी आग्रह केला नाही. या घरातलं पाणीसुद्धा पिणार नाही, असं तो जाताना याच पायरीवर ओरडला होता. म्हणजे आला होता तो बापाला बघायला. घरी आला नव्हता. जेवायच्या सहा पानांतलं एक पान तसंच उष्टं न होता उचलावं लागणार, असं सुशांतला दिसू लागलं.

बाबा आत आरामखुर्चीत होते. मांडीवर पितळेची ताटली, ताटलीत चिल्लर, चिल्लरीवर भिंग. डॉक्टरांनी जिने, मीठ आणि राग यांना मनाई केली होती. नाण्यांचा विषय निघालाच नव्हता.

"बस," ते देवेशला म्हणाले. "रविवार आसा."

रविवार म्हणजे काय, हे या घरात सांगावं लागत नसे. बाबा चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर. मालवण-कुडाळ करता करता त्यांच्या चामड्याच्या पिशवीत जी नाणी पडत, त्यांतलं एखादं त्यांच्या अंगठ्याला वेगळं लागे. चित्र एका कडेला सरकलेलं, काठाचा तुकडा उडालेला, एक बाजू सरळ धरली की दुसरी तिरकी. टांकसाळीची चूक. असं नाणं सापडलं की ते खिशात घालायचं आणि खिशातलं तेवढ्याच किमतीचं पिशवीत टाकायचं. "घेतला तर आपला ठेवचा," हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम घरातला. रविवारी सगळे ताटलीभोवती बसत, आणि कोणाला काही वेगळं जाणवलं की त्याने फक्त "थांब" म्हणायचं आणि मुकाट्याने नाणं पुढच्याला द्यायचं. तीन जणांनी आपापलं बघून एकमत झालं तरच वहीत नोंद. एकट्याचं मत म्हणजे मत नव्हे, बाबा म्हणत, एकट्याला हवं तेच दिसतं.

त्या वहीत एक्केचाळीसाव्या नंबरवर होती लखी. टांकसाळीत कधीमधी आधीचं नाणं साच्यात अडकून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर साच्याऐवजी त्या अडकलेल्या नाण्याचाच ठसा उमटतो, तोही उलटा आणि आत रुतलेला. लाखात एखादं निघतं, म्हणून ती लखी, असं बाबा सांगत. चौक्याच्या थांब्यावर एका मासेवालीने तिकिटाला दिलेला तो रुपया. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूलाही सिंहच, आरशातल्यासारखे. आकडा नाही, साल नाही. आणि डावीकडच्या सिंहाच्या मानेपासून काठापर्यंत केसाएवढी एक रेघ.

अकरा वर्षांपूर्वी कोल्हापूरचा एक व्यापारी ती बघायला येऊन मोठी किंमत बोलून गेला. पुढच्याच रविवारी बाबांनी निळी डबी उघडली तर आत साधा रुपया. बाजारात मिळतो तसा, आकड्यासकट. हेच सुशांतच्या डोक्यात भिनलं. बाहेरचा चोर डबीच पळवील. घेतलेल्याच्या जागी दुसरा रुपया ठेवून जातो तो घरातला, आणि बाबांचा नियम पाठ असलेला. देवेशला त्याच आठवड्यात मुंबईला बोटीवरच्या नोकरीसाठी जायचं होतं, एजंटने मागितलेला आकडा मोठा होता. दोन अधिक दोन. गणिताच्या मास्तराला आणखी काय लागतं?

"देवाशपथ दादा, मी हात लावूक नाय," देवेश म्हणाला होता. सुशांतने हात उचलला. आणि बाबा खुर्चीत गप्प बसून राहिले. देवेश मुंबईला गेलाच नाही. देवबागला बाबली नावाच्या मित्राच्या बोटीवर गेला, आणि तिथलाच झाला.

आता तो त्याच खुर्चीसमोर जमिनीवर बसला होता. बाबांनी ताटली पुढे सरकवली. त्याने हात मांडीखाली घेतले.

"माका नको बाबा. माझ्या हातात काय दिलास तर मगे मोजूक बसतलास."

बाबांनी भिंग उचललं, परत ठेवलं. सुशांतला वाटलं, उठावं आणि तडक समुद्रावर चालत जावं.

त्या कोंडीतून सोडवलं ते माईने. तिला असल्या शांतता कळत नाहीत, किंवा फार चांगल्या कळतात. "चला, उठा सगळे," ती देवघरातून ओरडली. "देवाक ताटकळत ठेवू नकात. वडे पुन्ना थंड झाले तर मी तळूचंय नाय."

देवघरात सहा जण दाटीवाटीने उभे राहिले. समईच्या वर, खुंटीला, एक पिवळी पुरचुंडी टांगलेली होती. हळद जाऊन जाऊन ती मळकट झाली होती. सुशांत ती रोज बघत होता. बाबांचे गुडघे गेल्यापासून पूजा त्याच्याकडेच होती. देवांना फुलं वाहून उरलेलं एक फूल तो सवयीने त्या पुरचुंडीवर ठेवत असे. आत काय आहे, हे त्याच्या कधी मनात आलं नाही.

बाबांनी भिंतीला धरून गाऱ्हाणं घातलं. आवाज आजारपणाने बसला होता, पण चाल जुनीच.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो झील अकरा वर्सांनी उंबऱ्यात इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येच्या आवशीन जो काय नवस बोलललो, तो आज फेडता हा..."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, आणि ह्या घराची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेवटचा होकार सुशांतच्या तोंडून जरा मोठ्यानेच गेला. सुचिताने वळून बघितलं.

माईने पुरचुंडी काढून देवेशच्या हातात दिली. "सोड. तुझ्याच हातान सोडूची. तू मुंबयक जातलंस म्हणान बांधललंय. माझो झील बोटीवरसून सुखरूप घराक येवंदे, मगे तेच्या हातान देवळात नारळ नी रुपयो ठेवीन, म्हटललंय. तू मुंबयच्या बोटीवर गेलंस नाय नी घराक पण इलंस नाय. मगे नवस फिटतलो कसो?"

गाठ आवळून दगड झाली होती. पण दोरखंड सोडणारी बोटं ती, दोन हिसक्यांत सुटली. आत तांदळाचे दाणे, हळकुंड, सुपारी, आणि हळदीने माखलेला एक रुपया. देवेशने तो तळहातावर घेतला आणि अंगठ्याने परतला. मुद्दाम नव्हे. या घरातल्या कोणाच्याही हातात नाणं आलं की अंगठा ते आपोआप परततो, डोळे दुसरीकडे असले तरी.

अंगठा मध्येच राहिला. देवेशने पुन्हा परतलं.

"थांब," तो म्हणाला.

तो शब्द त्याच्या तोंडून अकरा वर्षांत गेला नसेल. त्याने मुकाट्याने नाणं बाबांपुढे धरलं. बाबांनी ते उजेडाकडे नेलं.

"भिंग हाड गो अवनी! आणि पुसू नको तेका, पुसू नको!"

अवनी ओढणीच्या टोकाने हळद पुसायलाच निघाली होती. ती तशीच थिजली. मग तिने भिंग आणून नाण्यावर धरलं.

"रेघ बघ," बाबा म्हणाले. "माका दिसना नाय. डोळ्यात पाणी इला. डावीकडची मान बघ."

"आहे, आजोबा. मानेपासून काठापर्यंत. आणि मागेसुद्धा सिंहच आहेत, उलटे."

"तू चवथी. तिसरो तुझो बापूस, तो अजून बाकी आसा." बाबांनी नाणं सुशांतपुढे धरलं. "सुशांत. बघ."

सुशांतने बघितलं. दोन्हीकडे सिंह. रेघ. अशी रेघ असलेली दुसरी लखी जगात असेल तर असो, या घराच्या खुंटीवर नक्कीच नव्हती.

त्याला पहिल्यांदा वाटली ती लाज नव्हे. लाज मागाहून आली आणि चांगली भरभरून आली. पहिल्यांदा वाटलं ते निव्वळ हायसं. भाऊ चोर नव्हता. आपलाच आरोप खोटा ठरावा म्हणून आपण अकरा वर्षं किती आसुसलो होतो, ते त्याला आत्ता कळत होतं. तो देवघराच्या उंबऱ्यावरच खाली बसला. उंबऱ्यावर बसलेलं माईला चालत नाही, पण आज तिने तेही चालवून घेतलं.

"माई," त्याने विचारलं, "हो रुपयो तुका खंय गावलो?"

"खंय म्हणजे? ह्येंच्या ताटलीत. नवसाक काळो पडललो रुपयो कसो ठेवचो? माझ्याकडे होतो तो झिजललो. ताटलीत एक कापसाच्या बोळ्यार ठेवललो दिसलो. म्हटला, ह्येनी कापसार ठेवलानी म्हणजे बरोच आसतलो. तो घेतलंय नी माझो थंय कापसार ठेवलंय." ती सगळ्यांकडे आळीपाळीने बघू लागली. "ह्येच सांगतत मा, घेतला तर आपला ठेवचा?"

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "त्या कोल्हापूरवाल्याक दाखवन मी थंयच ठेवललंय! आणि मगे तुझो रुपयो उचललंय नी तसोच डबीत घातलंय. परतून बघूक नाय! चौतीस वर्सां लोकांका शिकवलंय, नी मीच परतून बघूक नाय!"

"पण दोन्हीकडे सिंह आहेत, आजी. दिसलं नाही तुला?" अवनी म्हणाली.

"तेव्हा माझे डोळे मोतीबिंदून भरललेले. एका अंगान सिंव दिसलो, झाला. मी काय तुमच्यासारखी नाणी उलटी-सुलटी करीत बसतंय? रुपयो तो रुपयो."

"मगे तेव्हा सांगलंस कित्या नाय?" सुशांतचा आवाज चढला, आणि लगेच उतरला.

"माका कोणी इचारला?" माई म्हणाली. रागाने नव्हे, जे आहे ते सांगावं तसं. "तुमी तिघां भायर भांडलास. लखी गेली, लखी गेली. लखी म्हणजे निळ्या डबयेतली, माझ्या नवसाच्या रुपयाचा नाव तेच्यात खंय इला? कोल्हापूरवाल्याक फोन केलास, बाजारातल्या सोनाराक इचारून इलास. चुलीकडे बसलली आवस तेवडी रवली."

सुचिता नवऱ्याकडे असं बघत होती की, मी सांगत नव्हते? ती खरंच सांगत होती. अकरा वर्षं.

सुशांत उठला. देवेशसमोर जाऊन उभा राहिला.

"बाबांचो नियम मी पाठ केललंय," तो शेवटी म्हणाला. "नाण्याक तीन जणांनी बघूचा, मगे वहीत घालूचा. माणसाक मात्र मी एकट्यान बघितलंय नी एकट्यान निकाल दिलंय. माझा चुकला, देवेश. लय चुकला."

देवेशने डावा कान चोळला.

"अजून घुंय करता हो," तो म्हणाला. "पाण्यात बुडी मारलंय की जास्त."

हे माफ केल्याचं होतं की नव्हतं, सुशांतला कळेना. पण तो त्याच्याशी बोलला होता, थर्माससंबंधी नव्हे, आणि तेवढ्यानेच सुशांतचे डोळे भरून आले. बाबा पुढे सरकले. त्यांनी धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. "मी गप बसलंय," ते म्हणाले. "ता जास्त चुकला."

देवेशच्या खांद्यांनी तेव्हा कुठे ताठा सोडला. तो बाबांच्या छातीला लागणार नाही असा, अलगद, त्यांना बिलगला. माई पदराने डोळे पुसत "वडे थंड झाले" असं दोनदा म्हणाली.

घरातलं सुख पाच मिनिटं टिकलं तरी पुष्कळ. अवनीने मोबाइल काढून असल्या नाण्याची हल्लीची बोली शोधली आणि आकडा बाबांच्या कानात सांगितला. बाबांचे डोळे चमकले. तेवढ्यात माईने हात पुढे केला.

"हाड तो हय. चार वाजता देऊळ उघडता. देवेश नी मी जावन ठेवन येतंव."

"अगो, खुळी झालंस?" बाबा ओरडले. डॉक्टरांची मनाई पार विसरले. "देवाक दुसरो रुपयो दी! धा दी, शंभर दी! ही लखी आसा!"

"नवसाचो रुपयो बदलूक येना नाय."

"देवाक काय कळता लखी नी साधो?"

"देवाक कळता की नाय, ता माका म्हायत नाय," माई म्हणाली. "माका एवढाच कळता. एकदा रुपयो बदललंय, नी अकरा वर्सां झीलाक मुकलंय. आता पुन्ना बदलूचंय नाय."

बाबांनी मदतीसाठी मोठ्या मुलाकडे बघितलं. लखीच्या बाबतीत सुशांत नेहमी त्यांच्या बाजूचा, सगळ्यांना पाठ होतं.

"माई सांगता तसा करा, बाबा," सुशांत म्हणाला.

मग त्यांनी नातीकडे बघितलं. अवनीला नाणं सोडवत नव्हतं, बोटांवरून दिसत होतं. तिने ते शेवटचं एकदा परतलं, आणि आजीच्या तळहातावर ठेवलं.

"तुका काय वाटता रे?" बाबांनी देवेशला विचारलं. आवाजात आता फक्त रीत राहिली होती.

"माका काय इचारतास? तो माझ्याच नावाचो आसा."

बाबा हसले. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा. "देवळातलो धोंडू गुरव पेटी उघडतलो नी उद्या चायवाल्याक देवन टाकतलो, बघ."

"देवंदे," माई म्हणाली. "तुमका तरी खंय पेटयेत गावललो? मासेवालीन दिल्यान तेव्हा घेतलास मा? कोणाच्यातरी हातात जायत."

हे मात्र बाबांना पटलं. लखी पुन्हा कुठल्यातरी तिकिटाला, कुठल्यातरी चहाला जाईल, आणि कोणाचा तरी अंगठा अडेल. त्यांनी अवनीला दोन्ही बाजूंचे फोटो काढायला लावले, वही मागवली. एक्केचाळीस नंबरपुढे त्यांच्याच अक्षरात 'चोरीला' असं लिहिलेलं होतं. त्यांनी पेन सुशांतला दिलं. सुशांतने तो शब्द खोडला, एकदा खोडून भागेना म्हणून पुन्हा खोडला, आणि शेजारी लिहिलं: 'माईच्या नवसात होती. देवेशने ओळखली.' खाली तिघांच्या सह्या झाल्या. मग बाबांनी वही माईपुढे सरकवली. तिने इतकी वर्षं त्या वहीला नाकं मुरडली होती. आता नीट मांडी घालून बसली आणि पूर्ण नाव लिहिलं, सावकाश.

पानं वाढली गेली. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, सोलकढी. देवेश पडवीत जाऊन फोनवर बोलत होता. "पाहुण्यांका बाबली बघीत. तू चेडवाक घेवन रिक्षान ये. व्हय, घराक." मग तो येऊन त्याच्या जुन्या जागी, बाबांच्या डाव्या हाताला बसला. त्याच्या वाटीत सोलकढी सुशांतनेच ओतली. ओतताना थोडी पानात सांडली.

देवेशने वाटी उचलून तोंडाला लावली. सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि सगळे तिकडे न बघितल्यासारखे. अर्धी वाटी संपवून त्याने ती खाली ठेवली, ओठ पुसले.

"मीठ कमी आसा," तो म्हणाला.

पाहुणा कधी मीठ कमी आहे म्हणत नाही. माईने नाक मुरडलं, "बापाशीसाठी कमी घातलंय, तुझ्यासाठी न्हय" असं ठणकावलं. सुचिता उठू लागली, तिला सुशांतने हाताने थांबवलं.

"बस तू," तो म्हणाला, आणि मीठ आणायला स्वतः आत गेला.